फाउंडेशनची स्वारी, मुक्काम नवघर

॥ श्री ॥

राजमान्य राजेश्री मॅनेजिंग कमिटी, जलदर्शन कोऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटी, मौजे नवघर, भाईंदर पूर्व, यांचे सेवेसी. सेवक पंढरीनाथ, खोली नंबर दोनशे तीन, निवृत्त हेडक्लार्क, याची विनंती ऐसी जे, हुजुरांनी फर्माविले की गेल्या माघात गच्चीवर जो प्रसंग गुजरला त्याचे साद्यंत वर्तमान लिहून दफ्तरी दाखल करावे, कोणाची भीड धरू नये. मग सेवकाने चष्मा पुसला आणि भीड सोडिली, मुळात ती फारशी नव्हतीच. जे डोळ्यांनी पाहिले ते लिहिले, जे जिन्यात कानी आले तेही लिहिले, आणि जे कोणी पाहिले ना ऐकिले ते बखरकाराच्या रिवाजाप्रमाणे अधिक खात्रीने लिहिले.

शके एकोणीसशे पंधरा, संवत्सराचे नाम श्रीमुख. आणि नेमके त्याच साली सेक्रेटरी आत्मारामपंतांच्या कन्येच्या मुखावर गनीम चालून आला, यास दैवाचा चावटपणा म्हणावे की काय, हे थोरांनी ठरवावे.

कन्या क्षितिजा, वय वर्षे पंधरा, दहावीत. जिभेस धार अशी की वक्तृत्वाच्या तीन ढाली टीव्हीवर मांडलेल्या आणि चौथीस जागा उरली नव्हती. शाळेच्या निरोप समारंभात मुलींतर्फे मनोगत कोणी बोलावे, याची मसलतच झाली नाही, वर्गाच्या बाईंनी थेट तिचे नाव लिहिले. मग दिवाळी उलटली आणि हनुवटीवर एक मुरूम टेहळणीस आला. क्षितिजाने त्याचा मुलाहिजा न ठेवता त्यास नखाने चिरडिले, आणि तो पडताच त्याच्या सुडासाठी दोन्ही गालांवर पायदळ उतरले, कपाळी घोडदळाने तळ दिला, आणि नाकाच्या शेंड्यावर खासा सरदार लाल पागोटे घालून बैसला.

मग उपायांची कुमक चहूकडून धावली. मातोश्री सुलूबाईंनी डाळीचे पीठ आणि हळद थापिली. क्षितिजाने मासिकात वाचून लिंबू चोळले, आणि मैत्रिणीने खात्रीने सांगितले म्हणून टूथपेस्ट लाविली, आणि वडिलांच्या दाढीची तुरटी फिरविली, आणि हे सर्व एकाच आठवड्यात. तेणेकरून गनीम हटला नाही, मुलूख मात्र भाजून निघाला. कातडे लाल झाले, सोलवटले, हसले तरी चरचरू लागले. मग क्षितिजा शाळेत जाता-येता तोंडास रुमाल बांधून फिरू लागली, आणि वाण्याने एकदा तिला पाहून गल्ल्यावर हात ठेविला.

पौषाच्या अखेरीस तिने घरात जाहीर केले, की निरोप समारंभास आपण जाणार नाही, मनोगत दुसरी कोणी बोलेल, आणि ग्रुप फोटोत आपण नसल्याने फोटोचे काही अडत नाही. बोलली आणि मोरीत जाऊन नळ सोडिला, म्हणजे रडणे ऐकू येऊ नये. नळास त्या दिवशी पाणी नव्हते. सुलूबाईंनी सारे ऐकिले, आणि हातातले पोळीचे पीठ न धुता बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

सुलूबाई यजमानांस म्हणाल्या, की पोरीस एकदा चांगल्या पार्लरवालीकडे नेऊ, तोंडाला काय लावायचे ते तरी विचारू. आत्मारामपंतांनी वर्तमानपत्र खाली न करता फर्मान सोडिले. “दहावीचं वर्ष आहे. तोंडाला रंग फासायचे धंदे माझ्या घरात चालणार नाहीत.” येथे पंतांचा स्वभाव लिहिणे प्राप्त आहे. मनुष्य वाईट नाही. परंतु नियमांचा भोक्ता, गच्चीवर पापड किती वेळ वाळवावेत याचेही कलम बांधणारा, आणि गेले तीन महिने आपल्या लेकीचे तोंड त्याने वर्तमानपत्राच्या वरून पाहिले होते, तेही कपाळापर्यंतच.

आता दुसऱ्या पक्षाचे वर्तमान. तिसऱ्या मजल्यावर तीनशे दोनमध्ये मृणालिनीबाई, गिरगाव सोडून वर्षामागे आलेल्या. दादरास सहा महिन्यांचा ब्युटिशियनचा कोर्स पुरा केलेला, सर्टिफिकेट काचेत, आणि बाहेरच्या खोलीत पडदा लावून थ्रेडिंगचे ठाणे सुरू केलेले. इमारतीतील यच्चयावत बायकांच्या भुवया त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. परंतु पुरुषांस याची गंधवार्ता नव्हती, कारण जलदर्शनचा पुरुष सकाळी साडेसातास घर सोडतो तो दिवे लागल्यावर परततो, आणि मधल्या वेळी आपल्या इमारतीत कोणते राज्य चालते हे त्यास ठाऊक नसते. बायकोच्या भुवया बदलल्या तरी त्यास उमज पडत नाही, असो.

सुलूबाई तेथे जाऊन मन मोकळे करत्या जाहल्या. मृणालिनीबाईंनी ऐकून घेतले, आणि म्हणाल्या, “एकटीचं नाहीये हो हे. बिल्डिंगमधल्या सगळ्याच पोरी चोरून काहीतरी फासतायत.” आणि खरेच तसे होते. एकीने गणपतीच्या आराशीतली चमकी पापण्यांस लावून डोळा सुजविला होता. दुसरी गोरे होण्याचे मलम गादीखाली दडवून ठेवी आणि सकाळ-संध्याकाळ लावी, आणि गोरी न होता खाजवीत बसे. मग दोघींनी मसलत केली, की आठवी ते दहावीच्या अकराही मुलींस एकत्र बसवून रीतसर शिकवावे, उघड्यावर, गच्चीत, चोरून नव्हे. चोरून केले म्हणूनच ही अवस्था जाहली, हा मृणालिनीबाईंचा मुद्दा.

गच्चीस सेक्रेटरींची मंजुरी लागते. मग मृणालिनीबाईंनी अर्ज लिहिला. त्यात कपट तिळमात्र नव्हते, कोर्सात शिकल्या तीच भाषा होती. अर्ज दफ्तरी आहे, त्याची नक्कल येणेप्रमाणे: “फाउंडेशनविषयी मार्गदर्शन वर्गाकरिता रविवारी दुपारी चार ते सहा गच्ची मिळावी. डाग, खड्डे व भेगा यांची कारणे, बेस पक्का करण्याची योग्य पद्धत, आणि चुकीचा माल वापरल्याने होणारे नुकसान, यांची प्रात्यक्षिकासह माहिती देण्यात येईल.”

हुजुरांस ठाऊकच आहे की आपली इमारत मिठागराच्या भरावावर उभी आहे. वय चार वर्षे, परंतु जिन्यातल्या भिंतीस जो तडा आहे त्यात तळमजल्याचे लोक किल्ली ठेवून जातात. बिल्डरास चौदा पत्रे गेली, एकाचे उत्तर नाही. आणि मृणालिनीबाईंचे यजमान नीरजराव हे आरसीसी कन्सल्टंटाच्या कचेरीत ड्राफ्ट्समन. आत्मारामपंतांनी अर्ज वाचिला आणि पुन्हा एकदा मोठ्याने वाचून काढिला. चार वर्षांत प्रथमच कोणी सभासद आपण होऊन फाउंडेशनविषयी बोलत होता, आणि तीही एक स्त्री! मग त्यांनी अर्जावर ‘मंजूर’ लिहिले, गोल शिक्का उमटविला, आणि पंपाजवळच्या फळ्यावर स्वहस्ते खडूने लिहिले, की फाउंडेशनविषयी तज्ज्ञ मार्गदर्शन, सर्व सभासदांची उपस्थिती सक्तीची. अर्जाची एक प्रत बिल्डरास रवाना केली. ती पोचताच बिल्डराच्या तोंडचे पाणी पळाले, आणि चौदा पत्रांनी न हललेला तो इसम हलला, आणि त्याने जुन्या नवघर गावातल्या बबन मिस्त्रीस ओळंबा, थापी आणि पांढऱ्या सिमेंटची पिशवी देऊन जलदर्शनकडे पिटाळिले.

बायकांनी फळा वाचला. एकमेकींकडे पाहिले. आणि पदर तोंडात धरून भाजी निवडावयास गेल्या. एकीनेही यजमानांस खुलासा केला नाही.

आदितवारी चार वाजता गच्चीवर दोन फौजा समोरासमोर आल्या. एकीकडे दहा मुली, प्रत्येकीजवळ वाटी, टॉवेल आणि हातआरसा. दुसरीकडे तेवीस पुरुष, खुर्च्यांवर, मांडीवर फायली, एकाजवळ टॉर्च, एकाजवळ टेप. पुरुषांस वाटले मुली नाच बसवीत आहेत, मुलींस वाटले बाबांना कोणीतरी सांगितले आणि आता मार बसणार. अकरावी क्षितिजा, ती रुमालासह पाण्याच्या टाकीमागे. आत्मारामपंतांनी उठून पंधरा मिनिटे प्रास्ताविक केले, त्यात बिल्डराची सात पिढ्यांपर्यंत चौकशी केली, आणि म्हणाले की फाउंडेशन चांगले तर सारे चांगले, वरचा देखावा काय करायचा! मृणालिनीबाई म्हणाल्या, “अगदी बरोबर बोललात,” आणि त्यांनी पिशवीतून बोटभर बाटली काढून टेबलावर ठेविली.

“हे फाउंडेशन.”

मग पहिल्या मजल्याचे राघो, मनुष्य हिशेबी, त्यांनी टेप हातात धरून विचारिले, “किती स्क्वेअर फुटाला पुरतं?”

“एका तोंडाला दोन महिने.”

यानंतर जो हलकल्लोळ झाला त्याचे वर्णन करण्यास सेवकाची लेखणी अपुरी आहे, आणि सेवक त्या वेळी खुर्चीवरून पडून हसत होता हेही नमूद करितो. फायली पडल्या, टॉर्च पेटला, मुलींतून एक किंकाळी उठली. आत्मारामपंतांच्या ध्यानी आले की ज्या गोष्टीस आपण घरात बंदी केली, तीस आपण शिक्का मारून गच्ची दिली आणि तेवीस पुरुषांस हजेरी सक्तीची केली. त्यांनी हुकूम केला की सभा बरखास्त, गच्ची खाली करा. मग मृणालिनीबाईंनी मंजुरीचा कागद उघडून कलम दाखविले, की एकदा दिलेली गच्ची सात दिवसांच्या लेखी सूचनेवाचून काढून घेता येत नाही. खाली सही पंतांचीच, कलमही पंतांचेच. आणि पुरुषांनी उठून जावे तर चहा आणि बटाटेवडे यायचे होते. म्हणून कोणी हलले नाही.

तेव्हा टाकीमागून क्षितिजा आली. तिने रुमाल सोडिला आणि टेबलापाशी उभी राहिली, आणि वडिलांकडे न पाहता मृणालिनीबाईंस म्हणाली, “मला लावा ना. आत्ता. सगळं झाकेल एवढं लावा.”

चारच्या उन्हात ते तोंड सर्वांनी पाहिले. आत्मारामपंतांनी पाहिले. गालाची साल निघालेली, हनुवटीशी खपली, ओठांच्या कडेला लिंबाने जळलेला पट्टा. पंतांस फार वाईट वाटले. एवढे वाईट की त्यांस एकही कलम आठवले नाही. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “हे कधी झालं?” क्षितिजा म्हणाली, “दिवाळीपासून.”

परंतु मृणालिनीबाईंनी बाटलीचे झाकण लावून टाकिले. म्हणाल्या, ह्या कातड्यावर नाही, आज लावले तर आणखी पेटेल. क्षितिजाच्या डोळ्यांत पाणी तरारले. ज्या एका आशेवर ती टाकीमागून निघाली होती, ती आशा सर्वांसमक्ष मोडली. ती म्हणाली, “मग मी नाहीच जाणार. पंधरा दिवसांत हे जाणारे का?” आणि रुमाल पुन्हा बांधू लागली. हा क्षण मोठा बिकट, मोहीम येथेच बुडावयाची.

तोच इतका वेळ तडा शोधीत कठड्याशी फिरणारा बबन मिस्त्री पुढे आला. त्यास कोणी काही समजाविले नव्हते, आणि आपण कशासाठी आलो याचा त्याच्या डोक्यात पुरता काला झाला होता. त्याने क्षितिजाच्या गालाकडे मान वाकडी करून पाहिले, जसा तो वीस वर्षे भिंतीकडे पाहत आला तसा, आणि म्हणाला:

“बाय बरोबर बोलतं. भित ओली हाय तवर वरशी गिलावा न्हाय धरत. पयली धुवाची, मंग सुकवाची. आन् पोपडं खरवडाचं त न्हायच, खरवडलं का खड्डा पडतोय. ज्यो मिस्त्री ओलीवर रंग मारतंय ना पोरी, त्यो चोर हाय.”

एकदोन मुली फसकन हसल्या. मग अकराही हसल्या. क्षितिजाने रुमाल हातात तसाच धरून विचारिले, “आणि सुकायला किती दिवस लागतात?” बबन म्हणाला, “त्ये भितीवर हाय. पन हात लावला नाय त लवकर.” मृणालिनीबाई म्हणाल्या की दादरास सहा महिन्यांत मला हे इतके सरळ कोणी सांगितले नाही, आणि त्यांनी बबन मिस्त्रीस खुर्ची दिली. मग तेथेच वर्ग सुरू जाहला. तोंड दिवसातून दोनदा धुवावे, घासू नये, टॉवेलाने टिपावे. लिंबू, टूथपेस्ट आणि तुरटी यांस कायमची हद्दपारी. मुरुमास नख लावणारीस गुन्हेगार समजावे. फाउंडेशन लावायचेच तर रंग आपल्या जबड्याशी जुळवावा, शेजारणीच्या स्वप्नाशी नव्हे, आणि झोपण्याआधी पुसावे. गोरे होण्याचे मलम मृणालिनीबाईंनी मागून घेतले आणि बबनच्या पिशवीत सिमेंटाशेजारी टाकिले. पुरुष वडे खात ऐकत होते, आणि दोघांनी तर लपून टिपूनही घेतले.

मग शेवटचा मोर्चा उरला, तो पाण्याचा. बोअरिंगचे पाणी खारट, साबण फेसाळत नाही, तोंडावर बुळबुळीत थर बसतो आणि मुरुमांस तो मानवतो. मृणालिनीबाईंनी मागणी ठेविली की मुलींस तोंडापुरते नगरपालिकेचे गोडे पाणी मिळावे. हुजूर जाणतात, ते एक दिवसाआड वीस मिनिटे येते आणि त्यावर इमारतीत सख्खे भाऊ भांडले आहेत. राघो म्हणाले, आज तोंड, उद्या केस मागतील. दुसरे म्हणाले, तोंडाला पाणी देत बसलो तर डाळ कशात शिजवायची. वीस मिनिटे तुंबळ झाले. मुलींनी आरसे उन्हात धरून विरोधकांच्या डोळ्यांवर तिरीप मारिली, हे युद्धनीतीस धरून नव्हते, परंतु कामास आले. मते समसमान पडली, आणि सारे पंतांकडे पाहू लागले.

आत्मारामपंत उठले. लेकीकडे पाहिले, या वेळी पुरते, हनुवटीपर्यंत. आणि म्हणाले, “माझं मत मुलींना. आणि कमी पडलं तर मी खाऱ्या पाण्याने दाढी करीन.” सेक्रेटरीच बोलल्यावर बाकीच्यांस मिशी खाली करणे भाग पडले. त्याच संध्याकाळी सनद लिहिली गेली, की जलदर्शनमधील प्रत्येक मुलीस मुखप्रक्षालनार्थ दररोज दोन तांबे गोडे पाणी, कोणीही हरकत करू नये, पाणी भरण्याच्या रांगेत थोरल्यांनी त्यांस आधी वाट द्यावी, हे दान कन्यापरंपरेने चालवावे. शिक्का गोल. त्या दिवसापासून इमारतीतील समस्त पुरुषांच्या हनुवट्या खरचटलेल्या आहेत, आणि पुढील आठवड्यात तिघे जण पडद्याआड मृणालिनीबाईंस विचारून गेले की दाढीनंतर काय लावावे. नावे सेवकास ठाऊक आहेत, त्यांत एक पंत.

येथून तेरा दिवस क्षितिजाने पथ्य पाळिले. नख आवरणे सर्वांत कठीण गेले, म्हणून ती वाचताना हाताखाली भूगोलाचे पुस्तक दाबून बसे. साल भरून आली, चरचर थांबली, गालावरचे पायदळ माघारी फिरले. कपाळावरचे काही मागे रेंगाळले. नाकावरचा सरदार हटला आणि त्याच्या गादीवर नवा बसला.

माघ वद्यात, मंदवारी म्हणजे शनिवारी, निरोप समारंभ. सकाळी क्षितिजा आईची जांभळी साडी नेसून तीनशे दोनमध्ये आली. मृणालिनीबाईंनी काजळ घातले, ओठांस थोडे तूप लाविले, आणि बाटली पुढे ठेवून म्हणाल्या, आता कातडे बरे आहे, हवे तर लाव, कसे लावायचे ते तुला येते. क्षितिजाने बोटभर घेतले, जबड्याशी रंग जुळविला, आरशात पाहिले, आणि पुसून टाकिले. म्हणाली, “पंधरा दिवस मी भाषण पाठ करतेय. आणि लोक माझ्या तोंडाकडे काय बघत बसतील? ऐकू देत.” सुलूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी तोंड फिरविले, कारण त्यांस रडू आले आणि त्यांनीही काजळ घातले होते.

सभागृहात क्षितिजा बोलली. मुख्याध्यापिका बाई, ज्या गेल्या नऊ वर्षांत हसल्याचे कोणी सांगत नाही, त्या दोनदा हसल्या, आणि शेवटी त्यांनी चष्मा काढून पुसला. पंत कचेरीतून अर्धी रजा काढून मागल्या दारी उभे होते, आत कोणी बोलाविले नव्हते. बाहेरच उभे राहून त्यांनी टाळ्या वाजविल्या, आणि शाळेच्या शिपायाने त्यांस दोनदा हटकले.

मग ग्रुप फोटो. चव्वेचाळीस मुली, तीन रांगांत, आणि क्षितिजा मधोमध, कारण बोलणारीस मध्ये बसवितात. चार दिवसांनी ती आणि पंत स्टुडिओत प्रत आणावयास गेले. फोटोवाल्याने भिंग पुसून पाहिले आणि दयेने म्हणाला, “ताई, हे नाकावरचं दिसतंय बघा, आणि हे कपाळावरचं. निगेटिव्हवर पेन्सिलने टचिंग मारतो, एकदम साफ. बाकीच्या मुलींचंही करून टाकू का?”

पंतांनी लेकीकडे पाहिले. हा निर्णय सेक्रेटरींच्या अखत्यारीत नव्हता, हे त्यांस एव्हाना कळले होते.

“नको काका,” क्षितिजा म्हणाली. “नंतर आम्हाला ओळखता आलं पाहिजे ना.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ती सेवकाने दफ्तरी नोंदविली. मुरुमांची नोंद फोटोत आहेच.